मी पाय बनवते

एसटीत शेजारी बसलेली बाई आधी गाव विचारते, मग लेकरंबाळं विचारते आणि मग हमखास विचारते, "तुमी काय करता?" मी सांगते, "पाय बनवते." गाडीच्या खडखडाटात अर्ध्या बायकांना 'पापड' ऐकू येतं. मोताळ्याच्या गाडीत एका आजीनं तर "उडदाचे का मुगाचे?" असंही विचारलं होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "पापड नाही आजी, पाय. माणसाचे. ज्यांचे जातात त्यांच्यासाठी." आजी जरा सरकून बसली आणि उतरेपर्यंत माझ्या हातांकडं पाहत राहिली.

हे काम मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं. खामगावात एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिथं आमचं कृत्रिम पायांचं केंद्र. कागदावर मी आजही सहायक आहे. सही होते ती आमच्या तायडे सरांची, कारण या कामाची पदवी त्यांच्याकडं आहे आणि माझ्याकडं बारावी. यात मला कमीपणा वाटत नाही. पण केंद्रात शिरलेली बाई बाकावर बसण्याआधी "मंगलाताई हायत का?" असं विचारते, तेव्हा जे वाटतं ते मी लपवणारही नाही.

त्याआधी सोळा वर्षं मी एका साड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर बसून फॉल लावत होते. पुरुष वाचकांसाठी सांगते, साडीच्या खालच्या काठाला आतून एक कापडी पट्टी शिवतात, तिला फॉल म्हणतात. त्यानं साडीला वजन येतं आणि काठ फाटत नाही. फॉलची शिलाई उत्तम कोणती, तर जी वरून दिसत नाही ती. माझी अजिबात दिसत नसे.

काम वाईट नव्हतं. शेठजी सज्जन होते, कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. म्हणूनच ती वर्षं कशी होती हे सांगायला अवघड जातं. छळ असता तर माणूस भांडून तरी निघून जातो. मला भांडायला कुणी नव्हतं. बारावीनंतर अकोल्याला नर्सिंगला नंबर लागला होता, पण त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं. पुढं अंगणवाडीचा फॉर्म भरला, आशाताईचा भरला, शाळेतल्या खिचडीच्या कामाचा भरला. एकदा वय आडवं आलं, एकदा गाव, एकदा नशीब. दर वेळी मी परत माळ्यावर जाऊन बसायची आणि सुईत दोरा ओवायची.

दुकानाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी खाली सगळ्या नोकरमाणसांचा फोटो काढला. आम्ही माळ्यावरच्या तिघी काम करत होतो. खालून टाळ्या ऐकू आल्या. आम्हाला वाटलं, कुणी मोठं गिऱ्हाईक आलं असेल. पाणी प्यायला खाली गेले तेव्हा पेढ्यांचं रिकामं खोकं दिसलं. शेठजींनी जीभ चावली. "अरे, तुम्ही वरच राहिल्या का?" त्यांना खरंच वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी वेगळे पेढे आणले. तो फोटो फ्रेम करून गल्ल्याच्या मागं लावला. मी रोज येता-जाता तो पाहायची. कुणी तरी कमी आहे असं त्या फोटोत कुठंच वाटत नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी दवाखान्याकडून दुकानात एक वेगळीच ऑर्डर आली. कापलेल्या पायावर कृत्रिम पाय चढवायच्या आधी सुती पिशवीसारखा मोजा घालतात. त्यांचे मोजे यायला उशीर होत होता, म्हणून तात्पुरते शिवून हवे होते. नमुना एकच, लांबीरुंदी कागदावर. सोबतच्या दोघी म्हणाल्या, "बाई, हे आपल्याच्यानं नाही होणार." मी शिवले. शिवताना माझ्या मनात आलं की हा मोजा जखमेच्या जागेवर बसणार. म्हणून सगळ्या मोज्यांची शिवण मी बाहेरच्या अंगाला घेतली. मोजे द्यायला दुपारच्या सुटीत मीच गेले.

तायडे सर तेव्हा पन्नाशीचे असतील. अंगात प्लास्टरनं पांढरा झालेला एप्रन, चष्म्यावरही प्लास्टरचे ठिपके. त्यांनी मोजा उलटासुलटा करून पाहिला.

"शिवण बाहेर काऊन घेतली?"

मला वाटलं, चुकलं. मी म्हणाले, "आत असती तर टोचली असती, सर. उलटून देऊ का?"

"नाही, नाही. राहू द्या," ते म्हणाले आणि मोजा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

तेवढ्यात आत पडद्यामागून भांडणाचा आवाज आला. रोहिणखेडच्या शमीमबी. वय माझ्यापेक्षा थोडं कमी. टोपलीत बांगड्या घेऊन आसपासच्या गावांत विकायच्या. मालवाहू ऑटो उलटला आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. असा पाय बनवायचा तर पार जांघेपर्यंत माप घ्यावं लागतं, प्लास्टर करावं लागतं. त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या आणि तिसऱ्यांदा नाही म्हणत होत्या. भाऊ समजावत होता, "आपा, डॉक्टरच हाय ना ते." त्या म्हणत होत्या, "डॉक्टर असो का कोनी असो. मर्दाच्या हातानं मी मांडी मोजू देनार नाई. राहीन बिनपायाची."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुमच्याजवळ टेप आहे का?"

टेप माझ्या गळ्यातच होता. सोळा वर्षांत तो काढायचं कधी लक्षातच राहत नसे.

मी पडद्याआड गेले. सर बाहेरून सांगत होते, इथून इतक्या अंतरावर घेर घ्या, आता त्याच्या दोन बोटं वर, आता टेप सैल सोडा. मी आकडे ओरडून सांगत होते आणि ते लिहीत होते. शमीमबी आधी भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमचा हात थंडा हाय, बाई." मी म्हटलं, "भीती वाटून राह्यली मले." त्या एकदम हसल्या. "पाय माहा गेला अन् भेव तुमाले!"

मापं झाली, पण प्लास्टर मला येत नव्हतं. शमीमबींनी सरांना पडद्यातूनच सांगितलं, "या बाई करतील तं मी येईन. नाई तं नाई." सर म्हणाले, "यांना शिकायला दोन-तीन महिने लागतील." त्या म्हणाल्या, "येवढं थांबली, आनखी थांबीन."

म्हणजे माझी मुलाखत सरांनी घेतलीच नाही. ती शमीमबींनी घेतली.

घरी सांगितलं तेव्हा हे नुकतेच कामावरून आले होते. हे म्हणजे माझे यजमान, डाळ मिलमध्ये मशीनवर आहेत. म्हणाले, "लोकाइचे कापलेले पाय हातात घ्या लागतीन?" मी म्हटलं, "हो." "तुले जमन?" मी म्हटलं, "माहीत नाही. पण माळ्यावरचं आता जमत नाही, हे माहीत आहे." ते उठून बाहेर गेले. परत आले ते रबरी हातमोज्यांची जोडी घेऊन, भांडी घासायचे असतात तसले. या कामात ते काही उपयोगाचे नव्हते, पण मी कित्येक दिवस पिशवीत बाळगले. शेठजींनी मात्र स्वतः उभं राहून मला साडी दिली आणि म्हणाले, "नाही जमलं तर परत या, जागा तुमचीच." चांगुलपणानं बोलले, पण ते 'परत या' मला जिना उतरेपर्यंत मागं ओढत होतं.

पाय कसा बनतो ते थोडक्यात सांगते. कापल्यावर जो भाग उरतो त्याला दवाखान्यात इंग्रजी शब्द आहे, मराठीत लोक 'थोटूक' म्हणतात. तायडे सर यातला एकही शब्द खपवून घेत नाहीत. ते म्हणतात, "पाय म्हणायचं. तो त्याचा पायच आहे." तर त्या पायावर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळायची. काही मिनिटांत ती घट्ट होते, अलगद काढून घ्यायची. हा झाला साचा. साच्यात प्लास्टर ओतलं की त्या माणसाच्या पायाची हुबेहूब प्रतिमा मिळते. ती कानशीनं घासायची. मांस जिथं वजन सोसतं तिथं थोडं खरवडायचं आणि हाड कातडीच्या लगेच खाली असतं तिथं थोडा थर चढवायचा. मग त्यावर तापवून मऊ केलेलं प्लास्टिक ओढायचं. थंड झालं की वाटी तयार. तिच्यात पाय बसतो. खाली नळी आणि नळीला रबरी पाऊल. लोक आधी पाऊल पाहतात, त्याला बोटं आहेत का, रंग जुळतो का. पण सगळं कसब वाटीत. वाटी अर्धं सूत चुकली की माणूस पाय काढून दाराआड ठेवून देतो आणि पुन्हा कधी घालत नाही.

पहिल्या आठवड्यात मी दोनदा बाहेर जाऊन ओकले. सरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्या आठवड्यात एका माणसाच्या पायावर पट्टी गुंडाळताना माझ्या लक्षात आलं की मला पुढं काय करायचं एवढंच दिसतंय, कापलेलं दिसतच नाही. त्या दिवशी मी घरी पायी गेले. रिक्षा समोर उभी होती, तरी पायी गेले.

शमीमबी खरोखरच थांबल्या. त्यांचं प्लास्टर मी केलं, सर पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसले होते. पहिली वाटी चुकली. दुसरी जमली. दोन समांतर दांड्यांमध्ये त्यांना उभं केलं तेव्हा त्यांनी आधी माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठले. मग एक पाऊल, मग दुसरं. टोकाशी गेल्यावर वळून भावाला म्हणाल्या, "पाह्य काय राह्यला? टोपली कोठी हाय माही?" आज त्या टोपली डोक्यावर घेत नाहीत, खांद्याला पिशवी लावतात, पण दारोदार हिंडतात. आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत कुठं पाय गेलेली बाई दिसली की तिला आमच्याकडं धाडतात. चार-चार, पाच-पाच वर्षं घराबाहेर न पडलेल्या बायका अशा आल्या. त्यांतल्या काहींना उशीर झाला होता, सांधे इतके आखडले होते की आता पाय बसणार नव्हता. पुरुष माप घेणार म्हणून घरात बसून राहिलेल्या बायका. त्यांना परत पाठवताना काय बोलावं ते मला अजूनही सुचत नाही.

सगळंच काही रडण्यासारखं नसतं. आमच्या भागात दर तिसऱ्या माणसाचं नाव गजानन, तर असाच एक गजानन आला. रेल्वेच्या अपघातात दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले. मापं घेऊन झाल्यावर म्हणाला, "ताई, दोन्ही पाय तुमीच देऊन राह्यल्या ना? मंग दोन इंच जास्त द्या. माहा साळा उंच हाय. लगनापासून आयकून राह्यलो."

सर म्हणाले, "दोन्ही पाय कृत्रिम असले की सुरुवातीला उंची थोडी कमीच ठेवतात, तोल सांभाळतो."

"बाप्पा! पाय गेले ते गेले, आता उंची भी घेता काय?"

शेवटी ठरलं, ना जास्त ना कमी, होती तेवढीच द्यायची. पण होती किती? त्यानं लग्नातली पँट आणली आणि तिच्यावरून आम्ही हिशेब काढला. तोल जमायला त्याला वेळ लागला, पण जमला. पाच-सहा महिन्यांनी छाती काढून आला. "साळा म्हनते, दाजी उंच झाले! खरं सांगा, दिलं ना काई तरी जास्त?" काही दिलं नव्हतं. पूर्वी तो पोक काढून चालायचा, आता नव्या पायांवर तोल सांभाळायला ताठ चालावं लागत होतं. मी त्याला हे सांगितलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी इतके दिवस टाळत आले.

तिसऱ्या वर्षी पिंपळगाव राजाचे पुंडलिककाका आले. गावातल्या शाळेत तीस वर्षं शिपाई होते, नुकतेच निवृत्त झालेले. साखरेचा आजार, त्यात बोटाला जखम, जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापला. माणूस गोड. बाकावर बसल्या बसल्या इतरांना पाणी आणून द्यायला सांगायचे, कुणाचा नंबर आला की हाक मारायचे. शाळेची सवय. सोबत काकू, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या.

नवा पाय दिला की आमचा एक नियम आहे. माणसाला दहा मिनिटं चालवायचं, मग पाय काढून कातडी पाहायची. दाबाच्या जागी लाल होतंच. ती लाली दहा मिनिटांत गेली पाहिजे. नाही गेली तर वाटी तिथं घासायची आणि पुन्हा चालवायचं. साखरेच्या रुग्णाला तर असं तीनदा करायचं, कारण त्याच्या कातडीला दुखणं कळत नाही. हे मला माहीत होतं. हे मी इतरांना शिकवत होते.

त्या गुरुवारी बाक भरलेला होता. सर दुसऱ्या रुग्णात अडकले होते. काका दांड्यांमधून चालले, मग दांड्या सोडून चालले. मी विचारलं, "काका, काही दुखून राह्यलं का?"

"नाई बा. मायच्या पोटातून घेऊन आल्यासारखा वाटते."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी पाय काढून पाहिलं. नडगीच्या टोकाशी रुपयाएवढी लाली होती. दहा मिनिटं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. जाईल, असं मनात म्हटलं. सरांनी लांबूनच विचारलं, "पाहिलं का?" मी म्हटलं, "पाहिलं." त्यांनी माझ्या शब्दावर सही केली.

पाच आठवड्यांनी काका परत आले ते दोघांनी उचलून आणलेले. वाटी काढली आणि वास आला. जखम हाडापर्यंत गेली होती. काकांना शेवटपर्यंत काही दुखलं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं गुडघ्याच्या वरून पुन्हा पाय कापावा लागला.

मी सरांना सांगितलं, "सर, मी पाहिलं म्हणाले होते. पण थांबले नव्हते."

त्यांनी हातातली कानस पुसून ठेवली. मग म्हणाले, "सही माझी आहे." त्यांनी वहीत सगळं जसं घडलं तसं लिहिलं, खाली आधी स्वतःचं नाव घातलं, मग माझं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या या. उद्या पाच जण आहेत."

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. शेठजींचं 'जागा तुमचीच' आठवलं. साडीचा फॉल उसवला तर परत शिवता येतो, असं मी यांना म्हणाले. यांनी ताट बाजूला सारलं. "तू घरी बसली तं त्याचा पाय येते का?" मी ते ताट उचलायला लागले. "नाई येत ना? मंग जाय. आधी त्याच्याकडं जाय, मंग कामावर."

गेले. काका खाटेवर होते. काकूंनी मला दारातच विचारलं, "आता कायले आल्या?" मी चपला काढून उंबऱ्याशीच थांबले. काका म्हणाले, "येऊ दे व. ताई, तुमचं काई नाई. मीच सांगतलं दुखत नाई म्हनून. तुमी खरं मानलं."

मी म्हटलं, "काका, मला विचारायचं नव्हतं. पाहायचं होतं. ते मी केलं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी उशी सरकवून मान वर केली. मग म्हणाले, "बरं. चूक कबूल करनारा मानूस शाळेत भी मी कमीच पाह्यला." काकू पाणीसुद्धा न देता आत-बाहेर करत होत्या. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

जखम भरली, तरी काकांनी नव्या पायाला नाही म्हटलं. "आता नको. दोनदा कापून झालं, तिसऱ्यांदा कापाले जागा तं ठेवा." हसत म्हणायचे, पण नाही म्हणजे नाही. मी एक रविवार आड पिंपळगावला जायची. पट्टी कशी बांधायची ते दाखवायची, सांधा आखडू नये म्हणून व्यायाम करून घ्यायची. एक छोटा आरसा नेला आणि पायाची खालची बाजू रोज त्यात कशी पाहायची ते शिकवलं. आता तसा आरसा आम्ही केंद्रात प्रत्येक साखरेच्या रुग्णाला देतो. काकू मी आले की स्वयंपाकघरात जायच्या आणि मी निघेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. असे सात-आठ महिने गेले.

मग एका रविवारी मी गेले तर काका खाटेवर ताठ बसून माझीच वाट पाहत होते. शाळेचे हेडमास्तर येऊन गेले होते. यंदा सव्वीस जानेवारीला झेंडा कुणा पाहुण्याच्या हस्ते नको, तीस वर्षं ज्यांनी झेंड्याची दोरी बांधली त्या पुंडलिकभाऊंच्याच हस्ते, असं त्यांनी ठरवलं होतं. खुर्चीची व्यवस्था करतो म्हणाले होते.

"खुर्चीत बसून झेंडा?" काका म्हणाले. "ताई, तीस वरसं मी पोट्ट्याइले सांगत आलो, हलू नका, ताठ उभे राहा. अन् आता मी बसू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "किती दिवसात होईन पाय?"

अडीच महिने होते. या वेळी गुडघ्यासकट पाय बनवायचा होता. अशा गुडघ्याला खटका असतो, उभं राहिल्यावर तो लागतो आणि बसताना सोडावा लागतो. वाटी मी तीनदा केली. दर वेळी चालवायचं, काढायचं, घड्याळ समोर ठेवायचं आणि दहा मिनिटं नुसतं पाहत बसायचं. आधी पाच मिनिटं पाय घालून बसणं, मग उभं राहणं, मग काठी घेऊन चालणं. काका कंटाळायचे. "आता बास करा व, काई नाई झालं." मी म्हणायची, "काका, तुमच्या 'काही नाही'वर मी आता कधीच विश्वास ठेवणार नाही." त्यांना ते पटायचं. सर मागं उभे असायचे. सही करण्याआधी तेही खाली बसून कातडी पाहायचे, माझ्यासारखंच घड्याळ लावून.

सव्वीस जानेवारीला मी पहाटेच्या गाडीनं पिंपळगावला गेले. मैदानावर पोरं रांगांत उभी होती, नाकातून वाफा निघत होत्या. काका पांढराशुभ्र पायजमा-शर्ट घालून, डोक्यावर टोपी, हातात काठी घेऊन, ओट्यापासून झेंड्यापर्यंत चालत गेले. वीस-पंचवीस पावलं असतील. कुणी हात द्यायला पुढं झालं की ते मानेनंच नको म्हणायचे. त्यांनी काठी खांबाला टेकवली, दोरी ओढली, झेंडा वर उलगडला आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळं मैदान वर पाहत होतं. मी त्यांच्या गुडघ्याकडं पाहत होते. पायजमा वाऱ्यानं नळीला चिकटला होता आणि खटका लागलेला आहे की नाही ते मला दिसत नव्हतं. राष्ट्रगीत मिनिटभराचंही नसतं. मला ते संपता संपेना. काका हलले नाहीत.

कार्यक्रम झाल्यावर मी त्यांना एका रिकाम्या वर्गात नेलं. बाकावर बसवलं, पाय काढला आणि घड्याळ काढलं. काकू दाराशी उभ्या होत्या. बाहेर पोरांना लाडू वाटणं चाललं होतं. आठव्या मिनिटाला लाली पूर्ण गेली. मी तरी दहा होऊ दिली. मग पाय पुन्हा चढवला.

काका खटका लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आता तुमी बसा. पहाटपासून उभ्या हा."

"नको काका, मी ठीक आहे."

"बसा म्हनतो ना. या शाळेत साऱ्याइले मी चहा पाजला, तुमालेच नाई."

ते निघाले. ऑफिस व्हरांड्याच्या टोकाला होतं. मी उठायला लागले तर काकूंनी हातानंच मला थांबवलं. जाताना काठीचा आवाज ऐकू येत होता, ठक, ठक, एका लयीत. मग तो बराच वेळ थांबला. परत यायला लागला तेव्हा लय मोडलेली होती, पाऊल, थांबणं, पाऊल, थांबणं. मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

काका दारात दिसले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कपबशी. अर्धा चहा बशीत सांडला होता आणि बशीतला थोडा शर्टावर. काकू पुढं झाल्या, त्यांच्या हातातून कपबशी घेतली आणि माझ्यासमोर आणून धरली. तेवढ्या महिन्यांत त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"बशीतला भी प्या," त्या म्हणाल्या. "चालत आनला त्याइनं."

मी बशीतला आधी प्यायले.